चारशे कामगारांचा कारखाना आणि पस्तीस लाखांचं बजेट: पर्यावरण आणि कामगार कल्याणाचे पैसे कुठे घालावेत?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआर मॅनेजरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. मशीन शॉप, छोटं हीट ट्रीटमेंट (पार्ट भट्टीत तापवून कडक करणं), वॉशिंग आणि पॅकिंग. माणसं चारशेच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. युरोपातल्या ग्राहकाकडून लांबलचक प्रश्नावली आली आहे. मालकांनी 'सस्टेनेबिलिटी आणि एम्प्लॉयी वेल्फेअर' या नावाखाली पस्तीस लाख मंजूर केलेत आणि 'काहीतरी इनोव्हेटिव्ह करा' असं सांगितलंय. सोलर, वृक्षारोपण, बायोगॅस, जिम, योगा, यांतलं काय घ्यावं?

मी आधी मेंटेनन्समध्ये होतो, नंतर ऊर्जा आणि सुरक्षेची ऑडिट करायला लागलो. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव हाच माझा पट्टा. त्या अनुभवावरून सांगतो: यादीतल्या एकाही गोष्टीपासून सुरुवात करू नका. आणि पर्यावरणाची फाइल वेगळी, कल्याणाची फाइल वेगळी असं तर मुळीच करू नका. तसं केलं की एका फाइलमध्ये रोपं येतात आणि दुसऱ्या फाइलमध्ये ट्रेडमिल. कारखान्यात ज्या जागी वीज, गॅस किंवा पाणी वाया जातं, बहुतेक वेळा त्याच जागी कोणीतरी माणूस भाजत, घुसमटत किंवा बहिरा होत असतो. अशा जागा शोधायच्या आणि पैसे तिथे घालायचे. ग्राहकाच्या प्रश्नावलीतले दोन्ही रकाने त्यातूनच भरतात.

सगळ्यात आधी कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून मशीनांना पुरवणारं यंत्र. हा विषय एचआरचा नाही असं वाटेल, पण दोन मिनिटं थांबा.

तुमची सुट्टी गुरुवारची असणार. गुरुवारी शॉपमधलं सगळं बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू करायला सांगा. एकही मशीन हवा घेत नाही, म्हणजे लाइन एकदा भरली की कॉम्प्रेसरने गप्प बसायला हवं. तो बसत नाही. थोड्या वेळाने पुन्हा लोड घेतो (हवा भरायला लागतो), कारण हवा कुठून तरी निसटतेय. तो लोडवर किती वेळ राहतो आणि अनलोडवर किती, हे घड्याळ लावून मोजा. समजा पाचशे सीएफएमचा (मिनिटाला पाचशे घनफूट हवा देणारा) कॉम्प्रेसर दोन मिनिटं लोडवर आणि सहा मिनिटं अनलोडवर राहिला. म्हणजे आठ मिनिटांतली दोन मिनिटं निव्वळ गळतीसाठी, २५ टक्के, म्हणजेच १२५ सीएफएम. सात बार दाबाच्या आसपास शंभर सीएफएमला साधारण अठरा किलोवॅट लागतात, तेव्हा ही गळती झाली बावीस किलोवॅटची. दिवसाचे २४ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,५८,४०० युनिट. युनिटला नऊ रुपये धरा, चौदा लाखांच्या वर जातं. वीस-तीस टक्के गळती ही आपल्याकडच्या मशीन शॉपमध्ये अगदी नेहमीची गोष्ट आहे, तुमचा कारखाना त्याला अपवाद असेल असं मला वाटत नाही.

आता गळती शोधायला निघा. साबणाचं पाणी पुरतं, अल्ट्रासॉनिक डिटेक्टर भाड्याने मिळाला तर काम भराभर होतं. बऱ्याचशा गळत्या ठरलेल्या ठिकाणी सापडतील: क्विक कपलर, एफआरएलचा (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) बाऊल, जुने होज क्लॅम्प, कायमचा अर्धवट उघडा राहिलेला ड्रेन व्हॉल्व्ह. प्रत्येक ठिकाणी टॅग लावा, मेंटेनन्स पुढच्या दोन-तीन गुरुवारांत त्या बंद करेल.

पण काही गळत्या टॅग लावूनही परत येतात. नीट पाहा. आठ मिलिमीटरची प्लॅस्टिकची निळी पीयू ट्यूब मशीनच्या जाळीला तारेने बांधलेली असते, टोक चिमटीत दाबून बारीक केलेलं, आणि त्या टोकाचं तोंड ऑपरेटरच्या मानेकडे. कुठे बाटलीचं बूच भोक पाडून नोझल म्हणून बसवलेलं असतं. मेंटेनन्सवाला पहिल्या शिफ्टला ती ट्यूब कापतो, दुसऱ्या शिफ्टला ती पुन्हा तिथेच. शिस्तभंगाची नोटीस काढायच्या आधी एवढंच विचारा की त्या जागी पंखा का नाही. उत्तर मिळेल, 'होता, मोटर जळली, इंडेंट (खरेदीची मागणी) टाकलाय.'

हिशेब करा. तीन मिलिमीटरच्या भोकातून सात बारच्या दाबाने निसटणारी हवा तयार करायला साडेतीन किलोवॅटच्या घरात वीज लागते. अखंड चालली तर वर्षाला सव्वादोन लाख रुपये. भिंतीवरचा औद्योगिक पंखा दोनशे वॅटचा, वर्षभर चालवूनही तेरा हजारांच्या आत. पंख्याची किंमत दहा-बारा हजार. म्हणजे ज्या पंख्याचा इंडेंट खर्च नको म्हणून स्टोअरमध्ये पडून आहे, त्याच्या कित्येक पट पैसे त्या निळ्या ट्यूबमधून उडून जातात. शिवाय दाबाखालची हवा अंगावर घेणं धोक्याचं असतं. चिप्सचा कण डोळ्यात जातो, कातडीखाली हवा शिरू शकते. शिफ्ट सुटताना युनिफॉर्म झटकायला एअरगन वापरायची सवय तर सगळीकडेच आहे, तिला पर्याय म्हणून दारात व्हॅक्यूम किंवा साधे ब्रश ठेवावे लागतात. नुसता 'हवेने अंग झटकू नये' हा बोर्ड कोणी वाचत नाही.

याला आणखी एक शेपूट आहे. गळत्या वाढल्या की लाइनच्या टोकाच्या मशीनवर दाब कमी पडतो, क्लॅम्पिंग सैल होतं, ऑपरेटर ओरडतो. मग कोणीतरी कॉम्प्रेसरचा सेट पॉइंट अर्धा-एक बार वर करतो. एक बार वाढवला की सहा-सात टक्के वीज जास्त आणि त्याच भोकांतून गळतीही जास्त. गळत्या बंद झाल्यावर दाब पुन्हा खाली आणायचा असतो, ही पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते.

कॉम्प्रेसर रूममध्ये एक गोष्ट मोफत मिळते, ती म्हणजे उष्णता. कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि त्यातला बराचसा गरम पाण्याच्या रूपाने परत घेता येतो. हीट रिकव्हरी युनिट बसवून ते पाणी पार्ट वॉशिंगला द्या आणि थोडं कामगारांच्या बाथरूमला. हीट ट्रीटमेंटमधून निघालेल्या माणसाला थंडीच्या दिवसांत गरम पाण्याची अंघोळ करून घरी जायला मिळणं ही मोठी गोष्ट असते. तेल आणि कूलंट अंगावर तसंच घेऊन गेल्याने होणारे त्वचेचे त्रासही कमी होतात. प्रश्नावलीत हे 'वेस्ट हीट रिकव्हरी' म्हणून जातं. कामगार त्याला 'गरम पाणी आलं' म्हणतात.

आता उष्णता. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडखाली भट्टीशेजारी काय होतं हे केबिनमध्ये बसून कळत नाही. कारखान्यांच्या नियमांत कामाच्या जागी वेट बल्ब तापमान (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं, दमटपणाही धरणारं) ३० अंशांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे, पण हे मोजण्याचं साधन ठेवलेले कारखाने मला फार थोडे भेटलेत. एक साधं वेट-ड्राय बल्ब थर्मामीटर घ्या आणि दुपारी तीन वाजता भट्टीपाशी, दीड मीटर उंचीवर, सुपरवायझरच्या देखत वाचा.

भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याचं तापमानही मोजा. शंभर अंशांवर असलेला पत्रा दर चौरस मीटरमागे साधारण पाऊण ते एक किलोवॅट उष्णता शॉपमध्ये फेकतो. ती तुमच्या गॅसची किंवा विजेची उष्णता आहे, आणि ती जाते थेट भट्टीत माल भरणाऱ्या माणसाच्या अंगात. आतलं इन्सुलेशन बदलून पत्रा साठ अंशांवर आणला की हा आकडा एक तृतीयांशाजवळ येतो. दारांची सील आणि दार उघडं राहण्याची वेळ हेही बघा. दार कोणी मुद्दाम उघडं ठेवत नाही, ट्रॉली अडकते म्हणून ते उघडं राहतं. ट्रॉलीचा रूळ सरळ करणं हे ऊर्जा बचतीचं काम आहे हे ऑडिट रिपोर्टमध्ये सहसा नसतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. इन्सुलेशनचं जुनं सिरॅमिक फायबर काढताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट असते. ते काम ठेकेदाराच्या दोन पोरांना रुमाल बांधून करायला लावू नका. योग्य मास्क द्या, फायबर ओलं करून काढा, पिशवीत बंद करा.

शेडवर टर्बो व्हेंटिलेटर, छताला परावर्तक रंग, उंच शेडमध्ये मोठ्या पात्यांचे संथ पंखे या सगळ्याचा उपयोग होतो, मात्र भट्टीचं काम आधी आणि हे नंतर. ऑफिस, कँटीन, पॅकिंग इथे साधे छताचे पंखे असतील तर बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावा. जुना पंचाहत्तर वॅट घेतो, हा तीसेक. उन्हाळ्यात ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी शॉप फ्लोअरवर नेऊन द्या, कँटीनमध्ये ठेवून उपयोग नाही. लाइन सोडून तिथपर्यंत कोणी येत नाही. भट्टीवरच्या माणसांचा युनिफॉर्म सुती करा. पॉलिस्टरचा स्वस्त पडतो, दिसायलाही कडक, पण त्यात माणूस शिजतो आणि ठिणगी पडली तर तो कातडीला चिकटतो.

कँटीनकडे वळू. इथे कायद्याची एक गोष्ट बदलली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असतील तर कँटीनची सक्ती होती. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, हा आकडा १०० वर आलाय, आणि त्यात ठेकेदाराचे कामगारही मोजायचे आहेत. तुमच्याकडे कँटीन आहेच, पण तिथे पर्मनंटचं ताट एका दरात आणि ठेकेदाराच्या माणसाचं ताट दुसऱ्या दरात, किंवा त्याला डबाच आणायला लावलाय, असं असेल तर प्रश्नावलीतल्या 'समान वागणूक' या रकान्यात खरं काय लिहाल ते आधी ठरवा.

बायोगॅसचा मोह आवरा, निदान पहिल्या वर्षी. खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राचं काम आपल्या पुण्यातच झालंय. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेला त्यासाठी २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. तंत्र चांगलं आहे, तुमचा आकार लहान आहे. चारशे ताटांमागे समजा रोज चाळीस किलो खरकटं निघतं. त्यातून चारेक घनमीटर गॅस मिळेल, म्हणजे पावणेदोन किलो एलपीजीच्या बरोबरीचा. एकोणीस किलोचा सिलिंडर अकरा दिवसांनी एक वाचला. त्यासाठी रोज लिंबाच्या साली, हाडं, कागदी कप वेगळे काढणारा माणूस हवा आणि तो सुट्टीवर गेला की वास. मुळात चाळीस किलो खरकटं निघतंच का, हे विचारणं जास्त स्वस्त पडतं.

त्यासाठी ताट धुण्याच्या जागी वजनकाटा ठेवा आणि शिफ्टप्रमाणे, पदार्थाप्रमाणे वजन फळ्यावर लिहा. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. मी पाहिलेल्या कँटीनमध्ये कारणं साधारण सारखीच निघतात. भात सकाळी नऊला शिजवून साडेबाराला वाढला जातो. चपात्यांची चवड ओल्या फडक्यात गुंडाळलेली, खालच्या चिकट आणि वरच्या वाळक्या. दुसऱ्या शिफ्टची उरलेली भाजी तिसऱ्या शिफ्टला. मराठवाड्यातून आलेल्या पोरांना भाकरी-पिठलं हवं असतं, बिहार-ओडिशाकडच्यांना भात जास्त लागतो, आणि मेनू ठरवणारी कमिटी मात्र ऑफिसातली, जी जेवायला कधी दीड वाजायच्या आत येत नाही. कमिटीत तिन्ही शिफ्टची माणसं घ्या, त्यात ठेकेदाराची दोन असू द्या. भात दोन खेपांत शिजवा. आठवड्यातून दोनदा भाकरी करा. मोठं-छोटं असे भाताचे दोन डाव ठेवा. खरकटं उतरतं, जेवणाच्या तक्रारी उतरतात, आणि यासाठी लागणारा खर्च जवळजवळ शून्य. तिसऱ्या शिफ्टला रात्री तीनला गरम चहा आणि काहीतरी खायला ताजं मिळणं हे मी सुरक्षेच्या खात्यात धरतो. पहाटे तीन ते पाच ही झापड येण्याची वेळ असते.

पाण्याचं थोडक्यात. कारखान्यात माणशी रोज ४५ लिटरचा हिशेब धरतात, म्हणजे चारशे माणसांचं अठरा हजार लिटर, कँटीन वेगळं. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) असेल तर त्याचं पाणी बागेला आणि फ्लशला फिरवा. फ्लशचं पाणी पिवळट किंवा वासाचं असेल तर कामगार फ्लश करत नाहीत आणि टॉयलेटची अवस्था बघवत नाही. तेव्हा 'पुनर्वापर इतके टक्के' असं लिहिण्याआधी एकदा स्वतः तिसऱ्या शिफ्टला ते टॉयलेट वापरून बघा. आणि टाकीत माणूस उतरवणं सक्त बंद. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारात माणसाला असुरक्षितपणे उतरवायला मनाई आहे, तरी बातम्या येतच असतात. सक्शन टँकर बोलवा, गॅस डिटेक्टर घ्या, एसटीपी चालवणारा ठेकेदार काय करतो ते बघत जा. 'झीरो डिस्चार्ज' असं झळकवणाऱ्या कारखान्यात सफाईवाला टाकीत गुदमरला तर त्या दोन शब्दांना काय अर्थ राहतो?

सोलर. पस्तीस लाखांत, किलोवॅटला पन्नास हजार धरले तर, सत्तर किलोवॅट बसतील. पुण्यात एक किलोवॅट वर्षाला १,४०० ते १,५०० युनिट देतो, म्हणजे सगळे पैसे घालून लाखभर युनिट. वर गळतीच्या हिशेबात आपण दीड लाखाहून जास्त युनिट पाहिली, आणि ती वाचवायला दोन-तीन लाख पुरतात. सोलर वाईट आहे असं नाही. ते कोणीतरी दुसरा स्वतःच्या भांडवलावर तुमच्या छतावर लावून युनिटच्या दराने विकू शकतो. तुमच्या गळत्या मात्र कोणी स्वतःच्या पैशाने बंद करून देणार नाही. सोलर घ्यालच तेव्हा दोन गोष्टी तपासा. एक, छतावरच्या पारदर्शक पत्र्यांवर पॅनल येत नाहीत ना. मी असे शेड पाहिलेत जिथे पॅनल लागले, उजेड गेला आणि दिवसा दिवे लावावे लागले. दोन, पॅनल धुणाऱ्यांसाठी चालायची वाट आणि लाइफलाइन. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस थेट खालच्या मशीनवर पडतो.

झाडं लावा, जरूर लावा. टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरी कारखान्यात कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मूळगावकरांनी आवारात तळं करून झाडी वाढवली. ती आजही डोळ्यांना दिसते, कारण ती वर्षानुवर्षं सांभाळली गेली. पण ५ जूनला, पाऊस लागायच्या आधी, पाहुण्यांच्या हस्ते दोनशे रोपं लावून फोटो काढायचे आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावायची, याला मी वृक्षारोपण म्हणत नाही. आणि आकड्यांची तुलना ठेवा. मोठं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं ढोबळमानाने धरतात. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कॉम्प्रेसरची ती गळती म्हणजे वर्षाला ११० टन. साडेपाच हजार मोठी झाडं. भोसरीत तुमच्या प्लॉटवर एवढी जागा कुठून आणणार?

रस्त्याबद्दल मात्र मला आवर्जून बोलायचंय, कारण प्रश्नावलीत ते एका ओळीत येतं आणि एचआरच्या हातात सगळ्यात जास्त तेच असतं. तुमचे कामगार मोशी, चऱ्होली, दिघी, चाकणकडून दुचाकीवर येतात. नाशिक महामार्गावरची संध्याकाळची कोंडी आणि तिसरी शिफ्ट सुटल्यावरचा झोपाळू परतीचा प्रवास हा त्यांच्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, तुमच्या प्रेस किंवा लेथपेक्षाही. तो अपघात गेटच्या बाहेर होतो म्हणून तुमच्या सेफ्टी बोर्डावर येत नाही. आधी कोण कुठून येतो याचा नकाशा काढा. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांशी बोलून बस वाटून घेता येते, एकट्याला परवडत नाही तेव्हा तर नक्कीच. शिफ्टची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी पुढे-मागे केली तरी गेटवरची आणि चौकातली गर्दी फुटते. कामगारांच्या येण्याजाण्याचं उत्सर्जन ग्राहकाच्या भाषेत स्कोप तीनमध्ये (कंपनीशी जोडलेल्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात) मोजलं जातं, तेव्हा बसचा आकडा तिथेही कामाला येतो. महिलांना रात्रपाळीत घ्यायचं असेल तर घराच्या दारापर्यंत वाहन, चेंजिंग रूम आणि चालू स्थितीतलं टॉयलेट या तीन गोष्टी आधी, पोस्टर नंतर.

आगीचं एकच वाक्य: जून २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवडे इथल्या कारखान्याला लागलेल्या आगीत गेलेल्यांत बहुतांश महिला कामगार होत्या हे पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही एचआरने विसरू नये, तेव्हा तुमच्या पॅकिंग विभागाचं मागचं दार रात्री बाहेरून कुलूप लावलेलं असतं का, ते आजच बघून या.

आरोग्य तपासणी तुम्ही दरवर्षी करत असाल. गाडी येते, रक्त घेतात, कानाची आणि फुप्फुसाची चाचणी होते, रिपोर्टची फाइल कपाटात जाते. कामगाराला त्याचा कागद मिळतो का? ऐकू कमी येतंय हे कंपनीला माहीत आणि त्यालाच माहीत नाही, अशा फाइली मी हातात घेऊन पाहिल्यात. आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. कॉम्प्रेसर रूम, ब्लो-ऑफ स्टेशन (पार्ट हवेने झटकण्याची जागा) आणि टम्बलिंग बॅरलजवळ (पार्ट घुसळून साफ करणारं पिंप) ती सहज ओलांडली जाते. ऑडिओमेट्रीचे (कानाच्या चाचणीचे) निकाल विभागाप्रमाणे मांडा. ज्या विभागात कान जातायत तिथे बहुधा हवाही वाया जात असेल, कारण फुसफुसणारी हवा हाच शॉपमधला मोठा आवाज असतो. ब्लो-ऑफला एअर सेव्हर नोझल लावलं की आवाज आणि हवा दोन्ही कमी लागतात.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, याबद्दल एक गोष्ट, जी पगारवाढीच्या आनंदात निसटते. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. वेतन करार झाला, पगार बावीस हजारांवर गेला की चालू योगदान कालावधी संपल्यावर, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, तो कामगार बाहेर पडतो. मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात आईवडिलांचे उपचार चालू असतील तर त्या योगदानाशी जोडलेला लाभ कालावधी संपला की ते थांबतात. चार हजारांची पगारवाढ देऊन तुम्ही त्याच्या घरावर लाखाचं बिल टाकलेलं असतं. करार करतानाच मर्यादा ओलांडणाऱ्यांची यादी काढा आणि त्यांच्यासाठी आईवडिलांसह ग्रुप मेडिक्लेम त्याच तारखेपासून सुरू करा. जिमपेक्षा याला कमी पैसे लागतात. आणि हा खर्च सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) दाखवायचा विचार कोणी सुचवला तर नाही म्हणा. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या फायद्याचं काम कंपनी कायद्याच्या सीएसआरमध्ये बसत नाही.

योगा घ्यायचा तर घ्या, माझा विरोध नाही. पण आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला शिफ्टनंतर पाऊण तास थांबवून 'वेलनेस' देऊ नका. त्याची बस जाते. त्याऐवजी उभ्या जागी रबर मॅट द्या, कामाच्या टेबलाची उंची बदला, वीस किलोचा क्रेट जमिनीवरून उचलावा लागणार नाही असा स्प्रिंग पॅलेट द्या. पाठदुखीची रजा कमी झालेली तुम्हाला तुमच्याच हजेरीपटावर दिसेल.

प्रश्नावलीचं बोलायचं तर ती काही आकाशातून पडलेली नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) सक्तीचा केला, युरोपात त्यांचे वेगळे नियम आहेत, आणि प्रत्येक मोठी कंपनी आपले आकडे भरायला खालच्या पुरवठादाराकडे बघते. बोल्ट-नटसारखा पोलादी माल युरोपात जात असेल तर सीबीएएमखाली (युरोपची आयातीवरची कार्बन आकारणी) उत्सर्जनाचे आकडे वेगळे मागतील. उत्तरं देताना टक्क्यांपेक्षा तुमचं साधं माप द्या: तयार मालाच्या दर टनामागे किती युनिट, किती गॅस, किती पाणी, गेल्या वर्षी किती आणि यंदा किती. अपघाताचा आकडा दर दहा लाख कामतासांमागे, आणि त्या कामतासांत ठेकेदाराच्या माणसांचे तास धरा. ते न धरता शून्य अपघात दाखवणारे तक्ते खरेदी विभागातला अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो.

पस्तीस लाखांचं मी असं करेन. हवेच्या गळत्या, नोझल आणि पंखे यांना सहा-सात लाख. भट्टीचं इन्सुलेशन आणि दारं, दहा-बारा. हीट रिकव्हरी आणि बाथरूम, पाच-सहा. मेडिक्लेमचा पहिल्या वर्षाचा हप्ता, बससाठी सुरुवातीचा हातभार, मॅट आणि पॅलेट यांत उरलेलं. वाचलेल्या विजेचं बिल दर महिन्याला वेगळं लिहून मालकांकडून एकच शब्द घ्या, की त्यातला ठरावीक हिस्सा पुढच्या वर्षीच्या कामाला मिळेल. गळती दाखवणाऱ्या कामगाराला पाचशेचं कूपन देऊन टाळ्या वाजवण्यापेक्षा त्याच्या विभागाने सुचवलेलं एक काम त्या पैशातून करा. युनियन असेल तर हे वेतन कराराच्या कागदात घ्या. पुण्यात करार साधारण तीन वर्षांचा असतो, म्हणजे प्लँट हेड बदलला तरी ते टिकतं.

ठेकेदाराच्या माणसांचं शेवटी घेतलं, पण सुरुवात तिथूनच होऊ शकते. वर फॅन, ताट, बस, बाथरूम, कानाची तपासणी असं जे काही लिहिलं, ते निम्म्या माणसांना लागू नसेल तर तुमच्या शॉपमध्ये त्या निळ्या ट्यूब परत येणारच, कारण भट्टीवर आणि वॉशिंगवर बहुतेक तीच माणसं असतात. ठेकेदाराला 'तुमच्या लोकांचं तुम्ही बघा' म्हणून चालत नाही. त्याच्या बिलात या गोष्टींचा पैसा नसतो, तो कुठून देणार? तेव्हा त्याच्या वर्कऑर्डरमध्ये सेफ्टी शूज, सुती युनिफॉर्म, कँटीन आणि आरोग्य तपासणीचे दर वेगळ्या ओळींत लिहा, सर्व्हिस चार्जमध्ये मिसळू नका, आणि बिल पास करताना पावती मागा. बहुतेक वर्कऑर्डर मार्चअखेर नव्या होतात. फेब्रुवारीतच मसुदा खरेदी विभागाकडे पाठवा, कारण एप्रिलमध्ये दर ठरून गेलेले असतात आणि मग पुढच्या मार्चपर्यंत कोणी ऐकत नाही.